होडीचं इंजिन: पाणी कुठे हवं, कुठे नको

देवबागला ओहोटीच्या वेळी गेलं की खाडीच्या अंगाला वाळूवर टेकलेल्या होड्या दिसतात. प्रत्येकीच्या मागच्या फळीवर इंजिन वर उचलून ठेवलेलं असतं. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं हे गाव. पट्टीच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते. त्या संगमावर वाळूचे दांडे सतत जागा बदलत असतात. गेल्या हंगामात जिथून भरल्या होड्या जायच्या, तिथे आता गुडघाभर पाणी असू शकतं. एकदा भोगव्याच्या बाजूला जाताना आमच्या होडीचा पंखा अशाच एका दांड्याला घासला. खरखर आवाज, एक हिसका आणि मग इंजिनाला आधी नसलेली बारीक थरथर. होडीवाल्या काकांनी इंजिन बंद केलं, वर उचललं, पंख्याच्या तिन्ही पात्यांवरून बोट फिरवलं आणि इंजिन परत पाण्यात सोडून सुरू केलं. पंखा बिघडला का, असं मी विचारलं. पण त्यांचं लक्ष पंख्याकडे नव्हतंच. इंजिनाच्या मागच्या अंगाने करंगळीपेक्षाही बारीक अशी पाण्याची धार निघते, ते तिच्याकडे बघत होते. "पाणी मारता काय, ता आधी बघूक व्हया," ते म्हणाले.

पुढे या इंजिनांबद्दल जसजसं वाचत गेलो आणि उघडलेली इंजिनं बघत गेलो, तसतसं हे बोलणं अधिक पटत गेलं. होडीच्या मागे बाहेरून अडकवायच्या इंजिनाला, म्हणजे आउटबोर्डला, झालेली किरकोळ इजा महागात पडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. जिथे पाणी पोचायलाच हवं तिथे ते पोचत नाही, नाहीतर जिथे एक थेंबही जाता कामा नये तिथे ते शिरतं. मुडपलेलं पातं, झिजलेलं रबर, गुंडाळला गेलेला दोरा या सगळ्या दुखण्यांच्या मागे हीच दोन कारणं सापडतात. ती एकदा कळली की किनाऱ्यावर बसून आपण काय दुरुस्त करावं आणि कुठे हात आवरून मेकॅनिकला बोलवावं, हेही कळायला लागतं.

हे इंजिन तीन मजली आहे असं समजावं. वर टोपीखाली सिलिंडर, कार्बोरेटर, प्लग आणि दोरी गुंडाळायचं चक्र. मधला मजला म्हणजे एक पोकळ पाय. त्याच्या आतून उभा दांडा खाली उतरतो, थंड पाणी वर चढतं, धूर आणि वापरलेलं पाणी खाली येतं. तळाला माशाच्या आकाराची गिअरची पेटी. उभ्या दांड्याची फिरकी तिथे आडवी होऊन पंख्याला मिळते. लहान इंजिनांत वरचा दांडा साधारण दोनदा फिरतो तेव्हा पंखा एकदा फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर पंखा सेकंदाला चाळीसेक फेरे घेत असतो. या वेगात एका पात्याचा टवका उडालेला असला तरी तो हादरा सेकंदाला चाळीस वेळा दांड्याला, बेअरिंगला आणि ऑइल सीलला बसतो.

अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेला ओल एव्हिनरुड हा नॉर्वेजियन कारागीर १९०९ साली अशी इंजिनं विकायला लागला. त्याचं पहिलं इंजिन दीड अश्वशक्तीचं होतं आणि वजन अठ्ठावीस किलोंच्या आसपास. त्याच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण बाजारात टिकलं ते त्याचं. आजच्या इंजिनाची ठेवण मुळात तीच आहे, आणि तिचा सर्वांत मोठा गुण दुरुस्तीच्या वेळी कळतो. मोठ्या ट्रॉलरचं इंजिन पोटात असतं. त्याचा पंखा बघायचा तर बोट ओढून किनाऱ्यावर घ्यावी लागते. आउटबोर्ड मात्र एका हाताने वर उचलता येतं आणि सगळं दुखणं डोळ्यांसमोर येतं.

पंख्यापासून सुरुवात करू. हात लावण्याआधी एक गोष्ट न चुकता करायची: मनगटाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप काढायची आणि प्लगच्या टोप्या ओढून बाजूला करायच्या. गिअर पडलेला असेल तर पंखा हाताने फिरवल्यावरही इंजिन पेट घेऊ शकतं. तिथे बोटं असतात. ही काळजी अनावश्यक वाटणाऱ्यांनी बंदरावरच्या जुन्या मेकॅनिकच्या हातांकडे एकदा नीट बघावं.

लहान होड्यांवरचे पंखे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. वाळूने त्यांच्या कडा झिजतात, खडपावर आपटले की टवके उडतात. कडेला खाच पडली की पाणी पात्यावरून सरळ वाहत नाही, तिथे बुडबुडे उठतात, जोर कमी होतो आणि थरथर वाढते. किरकोळ खाच कानशीने घासून काढता येते. कानशीला आधी खडू चोळावा, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस तिच्या दातांत बसत नाही. खाच पूर्ण जाईपर्यंत घासत बसायचं नसतं. तिची धारदार कड गोल झाली, तिथून चीर पुढे सरकणार नाही एवढं झालं, की थांबायचं. एका पात्यावर जास्त घासलं की तोल जातो. पातं किंचित मुडपलं असेल तर खाली लाकडी ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत सरळ करता येतं. बंबाच्या आगीत घालून गरम करायचा मोह टाळावा. तापवलं की या धातूचा कणखरपणा जातो. पात्याच्या मुळाशी, जिथे ते मधल्या गाभ्याला जोडलेलं असतं तिथे, केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो पंखा भंगारात द्यावा. ते पातं भर समुद्रात तुटलं तर उरलेला पंखा गिअरच्या पेटीची वाट लावतो.

तिन्ही पाती सारखी झाली का हे बघायला यंत्र लागत नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला एक काडी अशी बांधायची की तिचं टोक पात्याच्या कडेला जेमतेम टेकेल. मग पंखा हाताने फिरवायचा. एका पात्याला काडी घासते आणि दुसऱ्यापासून दोन मिलिमीटर लांब राहते, असं झालं तर कोणतं पातं किती बाहेर आलंय ते लगेच दिसतं. खाडीच्या कडेला बसून दहा मिनिटांत होणारं हे काम आहे.

कधी कधी पाती धड असतात, इंजिन मात्र नुसतं भुंकतं आणि होडी हलत नाही. पंख्याच्या गाभ्यात रबराची एक बुशी असते. पंखा दगडाला अडकला तर ती घसरते आणि गिअर वाचतात. एकदा घसरलेली बुशी मग साध्या ओझ्याखालीही घसरायला लागते. तपासायची तर गाभ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून सलग एक रेघ मारायची आणि होडी चालवून आणायची. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली, की बुशी गेली. तेव्हा इंजिनाची गती कमी ठेवून हळूहळू घर गाठावं. अगदी लहान इंजिनांत बुशीऐवजी एक बारीक पिन असते, मुद्दाम मऊ धातूची, आघात झाला की आधी तीच तुटावी म्हणून. ती तुटली की पिशवीतला खिळा कापून तिथे घालणारे लोक मी पाहिले आहेत. खिळा तुटत नाही, म्हणून त्यांना बरं वाटतं. पण पुढच्या दगडाला खिळ्याऐवजी गिअरचे दात तुटतात, आणि गिअरपेटीच्या खर्चात अशा पिनांची अख्खी बरणी येते.

आता तंगुसाकडे वळू. नुकसान न दिसता होतं ते इथे. आपल्या किनाऱ्यावर नायलॉनचा तंगूस आणि फाटक्या जाळ्यांचे तुकडे पाण्यात कुठेही तरंगत असतात. तो पंख्याला लागला की पंख्याच्या मागे, दांड्याभोवती गुंडाळला जातो. बाहेरून काही दिसत नाही, होडीही ठीक चालते. पण तो तिथे घासत राहतो, तापतो आणि दांड्यालगतच्या ऑइल सीलची रबरी ओठासारखी कड कापतो. हे सील हाच गिअरमधलं तेल आणि समुद्र यांच्यामधला पडदा. तो फाटला की चालताना तेल बाहेर जातं आणि इंजिन थांबून थंड झालं की पाणी आत ओढलं जातं. म्हणून महिन्यातून एकदा तरी पंखा काढून बघावा. काढणं अवघड नाही: कॉटर पिन सरळ करून उपसायची, नट सोडायचा, पंखा मागे ओढायचा. तंगूस असेल तर ब्लेडने कापून काढायचा, दांड्यावरचे दाते पुसून त्यांना समुद्रात वापरायचं ग्रीस लावायचं आणि पंखा परत चढवायचा. कॉटर पिन मात्र प्रत्येक वेळी नवी, स्टेनलेस स्टीलची. ग्रीस लावलं नाही तर पंखा दांड्याला असा चिकटून बसतो की वर्षभराने तो काढायला घण लागतो, आणि घण लागला की नवं नुकसान.

सील फाटलंय की नाही हे तेलच सांगतं. होडी रात्रभर उभी राहू द्यावी, इंजिन सरळ खाली सोडलेलं. सकाळी गिअरपेटीच्या खालचा स्क्रू थोडा सैल करून आधी काय बाहेर येतं ते बघावं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी असेल तर आधी तेच टपकतं. तेल दुधाळ, चहासारखं झालं असेल तरी अर्थ तोच. स्क्रूच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप असणं नेहमीचं आहे. चमकदार कण किंवा तुकडे दिसले तर गिअर दुखावलेत. तेल भरतानाही एक युक्ती आहे, जी न कळल्याने अनेक जण पेटी अर्धी रिकामी ठेवतात. वरून ओतायचं नाही. खालच्या भोकातून दाबून भरायचं, वरच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू बंद करायचा, त्यानंतर खालची नळी काढून तिथला स्क्रू पटकन लावायचा. वर हवा शिरायला वाट नसल्याने तेल लगेच वाहून जात नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. चार आण्यांच्या वॉशरमुळेही पेटीत पाणी शिरतं. तेल साधारण १०० तासांनी किंवा निदान हंगामातून एकदा बदलावं. सील बदलणं मात्र मेकॅनिकवर सोडावं. त्याला सील सरळ बसवायची साधनं लागतात आणि तिरकं बसलेलं सील फाटक्यापेक्षा बरं नसतं.

हे झालं जिथे पाणी नको तिथलं. आता जिथे ते हवंच तिथलं, म्हणजे त्या बारीक धारेचं.

मोटारगाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो, आउटबोर्डला समुद्रच रेडिएटर. गिअरपेटीच्या दोन्ही अंगांना जाळीच्या फटी असतात, तिथून पाणी आत येतं. पेटीच्या माथ्यावर, उभ्या दांड्यावरच, रबराचं छोटं चक्र बसवलेलं असतं, फुलासारख्या पाकळ्यांचं. ते दांड्याबरोबर फिरतं आणि पाणी वर ढकलतं. पाणी सिलिंडरभोवती फिरून खाली जातं आणि त्यातलं थोडं मागच्या भोकातून बाहेर येतं. ती धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण. तिचा जोर रोज बघत राहिलं की कमी झालेला जोरही ओळखू येतो.

धार बंद पडली म्हणजे पंपच गेला, असं समजून घाबरू नये. आधी भोक बघावं. त्यात वाळू बसते, मिठाचा खडा होतो आणि होडी महिनाभर बंद असेल तर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. इंजिन बंद करून तंगुसाचा जाडसर तुकडा त्या भोकात घालून हलवावा. मगाशी सील कापणारा तंगूस इथे कामाला येतो. तार घालू नये, आतली रबरी नळी फाटते. त्यानंतर फटींवर शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी चिकटली आहे का ते बघावं. एवढं करून धार आली नाही, किंवा आलेली धार गरम वाफेसारखी असेल, तर मात्र इंजिन परत सुरू करू नये.

रबराचं हे चक्र पाण्यावरच तगतं. पाण्याबाहेर कोरडं फिरवलं तर काही सेकंदांत पाकळ्या घासून जळायला लागतात. किनाऱ्यावर इंजिन "जरा चालू करून बघूया" म्हणून ओढलेली दोरी अशी महागात पडते. वाळूनेही पंप झिजतो. संगमावरच्या उथळ गढूळ पाण्यात जाणाऱ्या होड्यांचं पंपाचं भांडं आतून चरे पडलेलं निघतं. पावसाळाभर इंजिन एकाच अवस्थेत राहिलं तर पाकळ्या वाकलेल्या तशाच ताठरतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला हे चक्र बदलणं शहाणपणाचं. गिअरपेटीचे बोल्ट सोडून ती खाली उतरवायची, त्याच वेळी गिअर बदलणारी सळई मोकळी करायची, मग पंपाचं झाकण उघडायचं. नवं चक्र भांड्यात बसवताना दांडा वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत न्यायचा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला झुकतात. चक्राला धरून ठेवणारी अर्धगोल किल्ली वाळूत हरवू नये म्हणून खाली कापड अंथरावं. जुन्या चक्राची एखादी पाकळी तुटलेली निघाली तर तिचा तुकडा शोधल्याशिवाय इंजिन परत बंद करू नये. तो वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो, आणि नवा पंप घालूनही इंजिन तापतं तेव्हा लोक भलतीकडेच दोष शोधत बसतात.

इंजिन तापल्यामुळे बंद पडतं त्यापेक्षा जास्त वेळा ते इंधनामुळे बंद पडतं. यात पहिला दोष अगदी साधा आहे: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरणं. पाच-दहा मिनिटं चालून इंजिन दम तोडतं आणि नळीतला रबरी फुगा चपटा होतो. स्क्रू उघडला की झालं. दुसरं दुखणं पाण्याचंच. टाकीत दव जमतं, कॅनमधून थेंब येतात, पाणी तळाला बसतं आणि इंजिन तळातूनच ओढतं. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत घेतलं तर तळाला पाण्याचे मणी दिसतात.

इथे इथेनॉलबद्दल सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर हे अजून पुरेसं पोचलेलं नाही. आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच रुळलं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली असते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पडदे मऊ करतं, ते एक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते हवेतला ओलावा शोषतं, आणि समुद्रकाठच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. ठरावीक प्रमाणाबाहेर पाणी शोषलं गेलं की मिश्रण फुटतं: वर पेट्रोल, खाली इथेनॉल आणि पाण्याचा थर. टू-स्ट्रोक इंजिनात आपण पेट्रोलमध्ये तेल मिसळतो, ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. हे तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात उतरत नाही. इंजिन तळातून ओढतं तेव्हा त्याला तेलाविना थर मिळतो आणि पिस्टन कोरडा घासतो. म्हणून महिना-दोन महिने पडून राहिलेलं पेट्रोल होडीत वापरू नये. शंका आली तर काचेच्या बाटलीत भरून काही तास ठेवावं. तळाला वेगळा थर दिसला तर ते सगळंच बाजूला करावं, हलवून परत एकजीव होईल या भरवशावर राहू नये. टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवा कमी राहते. इंजिन बरेच दिवस बंद ठेवायचं असेल तर इंधनाची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत ते चालवावं, अर्थात पाण्यात ठेवून. रॉकेलवरची इंजिनं पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. ती बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायची शिस्त ज्यांनी पाळली, त्यांचे कार्बोरेटर स्वच्छ राहिले.

कार्बोरेटरचा जेट चोंदला तर तो काढून हवेने फुंकावा किंवा तांब्याच्या मऊ तारेने साफ करावा. सुई घालू नये. त्या भोकाचं माप केसाच्या हिशेबात असतं. सुईने ते एकदा रुंदावलं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं आणि प्लग काळे करतं. प्लगचा रंग तर रोज वाचावा असा आहे. फिकट कॉफीचा रंग चांगला, ओला काळा म्हणजे इंधन किंवा तेल जास्त, पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय. पांढरा दिसला की परत त्या धारेकडे वळायचं.

खाऱ्या पाण्याचा आणखी एक उद्योग असतो, तो इंजिन बंद असताना चालतो. ॲल्युमिनियमचा पाय, स्टीलचे बोल्ट आणि मधे खारं पाणी, असं तिन्ही जमलं की मंद विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. ते वाचावं म्हणून पायाला जस्ताचा एक ठोकळा लावलेला असतो. जस्त आधी झिजतं, पाय वाचतो. ठोकळा निम्मा झाला की बदलावा. त्याला रंग लावणं ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे. रंगाखाली झाकलेला ठोकळा काहीच काम करत नाही. तसाच शेवाळ धरू नये म्हणून होडीच्या तळाला लावतात तो तांबं असलेला रंग इंजिनाच्या पायावर चुकूनही चढवू नये. तो उलट पायालाच खातो. घासून उघड्या पडलेल्या जागेचं मीठ गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, बारीक कागदाने घासून, ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर आणि मग रंग लावावा. अर्ध्या दिवसाचं काम, पण खड्डे पडल्यावर ते परत भरून येत नाहीत.

पंख्याखाली जे पंखासारखं पातं असतं ते वाळूवर आणि दगडावर सर्वांत आधी आपटतं. त्याचं टोक किंचित झिजलं तर काही बिघडत नाही. मोठा तुकडा गेला तर होडी वळताना एका बाजूला ओढते आणि पुढचा दगड सरळ पंख्याला लागतो. छोट्या खाचेला धातूची पुटिंग चालते. तुकडाच गेला असेल तर आर्गॉन वेल्डिंगला पर्याय नाही. वेल्डिंगला देताना गिअरपेटीतलं तेल आणि सील काढून घेतली आहेत ना, हे स्वतः विचारून घ्यावं. त्या उष्णतेत सील वितळलं तर पातं नवं होतं आणि पेटीत पाणी शिरतं.

समुद्रातून आल्यावर इंजिनाला गोडं पाणी पाजणं हा या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात गोडं पाणी भरायचं, आडव्या पट्टीच्या वर पाणी येईल इतकं, आणि इंजिन न्यूट्रलवर, कमी गतीत दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. उघड्यावरच, बंद पडवीत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पाण्याची टंचाई असलेल्या वाडीत हे रोज शक्य नाही, मला माहीत आहे. मग निदान आठवड्यातून एकदा करावं, आणि दीर्घ मुक्कामाला ठेवण्याआधी तर करावंच.

आता सर्वांत वाईट प्रसंग. संगमावर फुटणाऱ्या लाटेत होडी कलंडते आणि इंजिन बुडतं. माणसं वाचली की पहिला प्रश्न इंजिनाचा असतो, आणि इथे घाईघाईत झालेली चूक सगळ्यांत महाग पडते. ते वर काढून उन्हात वाळत घालू नये. मीठ आणि हवा एकत्र आली की आतलं स्टील काही तासांत गंजायला लागतं. ते बाहेरून-आतून गोड्या पाण्याने धुवावं, प्लग काढून भोकं खाली येतील असं आडवं करावं आणि दोरी हळूहळू ओढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढावं. कार्बोरेटर आणि टाकी रिकामी करावी, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावं, नवं पेट्रोल भरावं आणि त्याच दिवशी सुरू करून तासभर चालवावं. फोर-स्ट्रोक असेल तर त्याचं तेल तत्काळ बदलावं, दुधाळ दिसत राहील तोवर परत परत. हे काही तासांत शक्य नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावं आणि मेकॅनिककडे तसंच न्यावं. ऐकायला उलटं वाटतं, पण गोड्या पाण्याखाली हवा लागत नाही, म्हणून ते बरं राहतं. एक अपवाद लक्षात ठेवावा: चालू असताना बुडालेलं इंजिन स्वतः सुरू करायला जाऊ नये. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आपटून आतला दांडा वाकलेला असू शकतो. दोरी अडखळली तर जोर लावू नये.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या एकसष्ट दिवसांत होड्या झापांखाली असतात आणि इंजिनं घरात किंवा पडवीत. पंखा काढून बघायला, गिअरचं तेल बदलायला, पंपाचं रबर बदलायला, जस्ताचा ठोकळा पाहायला हाच वेळ आहे. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात मेकॅनिककडे रांग लागते तेव्हा घाईत सगळं राहून जातं. आणि होडी पाण्यात गेली की पिशवीत दोन प्लग, प्लगचा पाना, पकड, कॉटर पिना, असेल तिथे तुटणारी पिन, दोरीचा जादा तुकडा आणि काचेची बाटली असू द्या. लाल दोरी मनगटाला बांधा. इंजिन सुरू झालं की मागे वळून धार बघा, आणि ती दिसली नाही तर समोर कितीही मासळी असो, इंजिन त्या क्षणी बंद करा.